चढावरची आखूड पावलं

माझे अब्बा घाटकोपरला हातगाडी ओढायचे. असल्फ्याच्या चढावर मागून ढकलायला मी असे. वर्गातलं कुणी दिसलं, की मी गाडीआड मान घालायचो. अब्बा म्हणायचे, "चढावर ढांग टाकू नये, बेटा. पाऊल आखूड ठेव, मग गाडी मागं येत नाही."

हे सारं आठवलं एका विज्ञानलेखामुळं. मी बी. ए. झालेला कवी, विज्ञान दहावीलाच सुटलं. तरी वाचत गेलो. आपल्या पेशींतही हमाल आहेत! कायनेसिन आणि डायनीन नावाची ही प्रथिनं सूक्ष्म नळ्यांवरून चालत माल वाहतात. कायनेसिन बहुधा पेशीच्या कडेकडे, डायनीन मध्याकडे. कायनेसिनचं एक पाऊल ८ नॅनोमीटरचं. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. दर पावलाला एटीपी या इंधनाचा एक रेणू खर्च होतो. कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत मज्जातंतूतून हा माल मीटरभर न्यावा लागतो. ही वाहतूक बिघडली, तर पायांतलं बळ जाण्याचे आजार होऊ शकतात.

या हमालांचे अभ्यासक रूप मलिक आधी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, नंतर आमच्या शेजारी पवईच्या आयआयटीत आले. २००४ साली अमेरिकेत त्यांनी सहकाऱ्यांसह लेसरच्या चिमट्यानं मोजून पाहिलं : ओझं वाढलं, की डायनीन पाऊल आखूड टाकतं. पुढं २०१३ मध्ये कुलाब्याच्या त्यांच्या गटानं दाखवलं, की एकटं डायनीन कायनेसिनपेक्षा दुबळं. पण टोळीनं ओढण्यात तेच सरस. २०१८ साली मलिक यांना इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

माणसानंही असे हमाल घडवायला घेतलेत. नेदरलँड्सच्या बेन फेरिंगा यांनी १९९९ मध्ये प्रकाशावर एकाच दिशेनं फिरणारा रेणू बनवला. २०१६ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना सोवाज आणि स्टॉडर्ट यांच्यासह मिळालं. पेशीतल्या हमालांची सर मात्र त्याला अजून आलेली नाही.

अब्बा शाळेत गेले नव्हते. कॉलेजच्या अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'व्यापार' लिहिलं होतं. अर्ज त्यांनीच मला विचारत विचारत, जागा दाखवली तिथं अंगठा लावून पुरा केला. आज अब्बा नाहीत. तो रकाना पुन्हा भरायला मिळाला, तर मी स्वच्छ अक्षरात लिहीन : हमाली.