कलकत्त्यातील 'किस्मत' : एका गुन्हेगारीपटाचे स्वागत

बॉम्बे टॉकीजचा 'किस्मत' हा हिंदी बोलपट 1943 सालच्या जानेवारीत प्रदर्शित झाला. त्याच वर्षी तो कलकत्त्याच्या, म्हणजे आजच्या कोलकात्याच्या, चौरंगी भागातील रॉक्सी चित्रपटगृहात लागला आणि तेथे साडेतीन वर्षांहून अधिक काळ ठाण मांडून बसला. 187 आठवडे हा आकडा सर्वसाधारणपणे सांगितला जातो. पुढे मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात 'शोले'ने (1975) पाच वर्षांहून अधिक मुक्काम केला, तेव्हा हा विक्रम मागे पडला. विक्रमाचे कौतुक पुष्कळ झालेले आहे. येथे विचार करावयाचा आहे तो निराळ्या प्रश्नाचा. ज्या कथेचा नायक खिसेकापू आणि घरफोड्या आहे, ती कथा त्या शहराने नेमक्या त्या वर्षी का उचलून धरली?

चित्रपटाचे दिग्दर्शक ज्ञान मुखर्जी. शेखर हा सराईत चोर तुरुंगातून सुटतो आणि पुन्हा आपल्या धंद्याला लागतो. राणी या पायाने अधू झालेल्या नर्तकीशी त्याची गाठ पडते. तिचे वडील एके काळी नाट्यगृहाचे मालक होते. आता ते दारूच्या आणि कर्जाच्या आहारी गेले आहेत, आणि नाट्यगृह इंद्रजित नावाच्या श्रीमंत गृहस्थाच्या हाती आहे. राणीच्या धाकट्या बहिणीला विवाहापूर्वीच दिवस जातात. राणीच्या पायावरील शस्त्रक्रियेसाठी शेखर इंद्रजितच्या घरी चोरी करतो. शेवटी तोच इंद्रजितचा लहानपणी हरवलेला पुत्र निघतो.

शेखरची भूमिका अशोककुमारची. 'अछूत कन्या'तील (1936) सोज्ज्वळ ब्राह्मण तरुण म्हणून प्रेक्षकांनी ज्याला ओळखले, तोच नट येथे बोटांत सिगारेट धरून, कोणताही पश्चात्ताप चेहऱ्यावर न आणता, लोकांचे खिसे हलके करीत होता. त्याच्या अभिनयात नाटकी आवेश नव्हता. चोरी हे पाप नसून एक कसब आहे, अशा सहजतेने तो वावरत असे, आणि ही सहजताच टीकाकारांना सर्वाधिक खुपली. मुंबईहून निघणाऱ्या 'फिल्मइंडिया' या इंग्रजी मासिकाने, ज्याचे संपादक बाबूराव पटेल होते, गुन्हेगारीला मोहक रूप दिल्याबद्दल चित्रपटावर कठोर टीका केली. बाबूरावांच्या लेखणीचा दरारा त्या काळी मोठा होता. पण प्रेक्षकांवर तिचा काडीचाही परिणाम झाला नाही.

'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, ही संज्ञा तेव्हा अस्तित्वात नव्हती. युद्धानंतर पॅरिसमध्ये पोहोचलेल्या अमेरिकन गुन्हेगारीपटांना उद्देशून फ्रेंच समीक्षक नीनो फ्रँक यांनी ती 1946 साली वापरली. 'किस्मत'ला हे नाव सरसकट लावणे धाडसाचे होईल. तरीही रात्रीचे शहर, अंधारातून सावकाश पुढे येणारी आकृती, कायद्याच्या कडेवरून चालणारा नायक, ही सामग्री येथे आहे. आणि तिचा एक धागा जर्मनीपर्यंत जातो. छायाप्रकाशाचा नाट्यपूर्ण उपयोग करणारे जर्मन छायालेखक योझेफ विर्शिंग हे बॉम्बे टॉकीजमध्ये होते. 1939 साली युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारने त्यांना स्थानबद्ध केले. त्यांची शिकवण मात्र स्टुडिओतील भारतीय तंत्रज्ञांकडे राहिली. पुढे 'महल'चे (1949) छायालेखन विर्शिंग यांनीच केले.

आता शहराकडे वळू. डिसेंबर 1942 मध्ये जपानी विमानांनी कलकत्त्यावर बाँब टाकले होते. रस्त्यांवर काळोख पाळला जात असे. 1943 च्या उत्तरार्धात बंगालच्या खेड्यांतून अन्नासाठी निघालेली माणसे शहराच्या पदपथांवर मरू लागली. ती तांदूळ मागत नव्हती. भाताची पेज मागत होती. या दुष्काळात एकंदर किती माणसे दगावली याचे अंदाज 15 लाखांपासून 30 लाखांपर्यंत आहेत. दुसरीकडे युद्धामुळे शहरात पैसा खेळत होता. कारखाने, गोद्या, लष्करी कंत्राटे यांतून मिळालेली रोकड तिकिटांच्या खिडकीवर येत होती. धान्य दडवून गबर झालेले व्यापारी सर्वांना ठाऊक होते, आणि त्यांतले बहुतेक प्रतिष्ठित होते. अशा वेळी पडद्यावरील साधा खिसेकापू प्रेक्षकांना मोठा गुन्हेगार वाटला नसेल, तर त्यात नवल नाही.

मात्र येथे सावध राहिले पाहिजे. रॉक्सीत बसलेला प्रेक्षक भुकेलेला नव्हता. भुकेलेल्यांच्या बाजूने वाट काढून तो आत आलेला होता. त्याच शहरात 1944 साली विजन भट्टाचार्य यांचे 'नवान्न' हे नाटक रंगभूमीवर आले, आणि दुष्काळ त्यात उघडपणे दाखविला गेला. 'किस्मत'ने ते केले नाही. चोराविषयी वाटणारी सहानुभूती त्याने जागविली खरी, परंतु शेवटी त्याला श्रीमंताचा वारस ठरवून तिची धार बोथट केली. सर्वांना क्षमा मिळते, बहिणीचा विवाहही लागतो. चित्रपटाचा हा सर्वांत दुबळा भाग होय. आणि बहुधा त्याच्या दीर्घायुष्याचे एक कारणही.

दुसरे कारण कवी प्रदीप यांचे समूहगीत. 'छोडो भारत' चळवळीला काही महिनेच झाले होते, नेते तुरुंगात होते. परक्यांना देश सोडून जाण्यास बजावणाऱ्या या गीतात जर्मन आणि जपानी यांचा नामोल्लेख असल्याने ते युद्धप्रचाराचे गीत म्हणून सेन्सॉरच्या हातून सुटले. खरा रोख कोणावर आहे हे प्रेक्षकांनी तत्काळ ओळखले. चित्रपटगृहात हे गीत पुन्हा पुन्हा दाखवावे लागे, असे त्या काळचे लोक सांगत. मुंबईत जपान्यांचा उल्लेख ही केवळ ढाल होती. कलकत्त्यात त्यांचे बाँब प्रत्यक्ष पडले होते; आणि ऑक्टोबर 1943 मध्ये याच शहराचे सुभाषचंद्र बोस यांनी जपानच्या साहाय्याने सिंगापूर येथे आझाद हिंद सरकार स्थापन केले. एकाच शब्दाला इतके परस्परविरोधी अर्थ क्वचितच चिकटले असतील.

अनिल विश्वास यांचे संगीत, अमीरबाई कर्नाटकी आणि पारुल घोष यांचे स्वर, हे आकर्षण तर होतेच. दिग्दर्शक, नायक, निर्माते शशधर मुखर्जी व संगीतकार ही सारी मंडळी बंगाली, याचाही कलकत्त्यात काही वाटा असणार. शिवाय युद्धकाळात कच्च्या फिल्मवर निर्बंध आले होते, तेव्हा चालता चित्रपट उतरविण्याची घाई चित्रपटगृहाच्या मालकाला कशाला असेल?

त्यानंतर बंगाली पडद्यावर रहस्यपट आले. प्रेमेंद्र मित्र यांचा 'कालो छाया' (1948), अजय कर यांचा 'जिघांसा' (1951), ही त्यांतील ठळक नावे. 'जिघांसा' कॉनन डॉईलच्या बास्करव्हिल कथेवर आधारलेला आहे. त्यात गुन्हेगार झाकलेला असतो आणि शोध घेणारा त्याला उघड करतो. 'किस्मत'चा चोर पहिल्यापासून उघडाच होता. त्याचा वारसा मुंबईकडेच राहिला. ज्ञान मुखर्जींनी अशोककुमारला घेऊन 'संग्राम' (1950) काढला, तेव्हा त्यांच्या हाताखाली एक तरुण सहायक काम करीत होता. त्याचे बालपण कलकत्त्यात गेले होते. त्याचे नाव गुरुदत्त. आणि पुढच्याच वर्षी त्याचा 'बाजी' आला, ज्याचा नायक जुगारी होता.