चादरीखालचा उजेड

वर्तकनगरला आमच्या बचत गटाची बैठक असते. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या की खऱ्या गप्पा सुरू होतात. मागे एक ताई सांगत होत्या, त्यांची टीवायला असलेली मुलगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चादरीखाली मोबाईल बघते. ताईंना वाटलं, कुणीतरी मुलगा असणार. निघालं भलतंच. पोरगी शोधत होती, ‘छातीत धडधड का होते’, ‘रडू थांबत नाही, काय करू’.

“मला का नाही विचारलं?” हा ताईंचा प्रश्न. अहो, म्हाडाच्या एका खोलीत पाच माणसं. फोनवर हळू बोललं तरी सगळं घर ऐकतं. आतून कडी लावता येईल अशी एकच जागा तिच्याकडे आहे, तो मोबाईल! दुसरं कारण आपल्या तोंडात आहे. कुणी जरा वेगळं वागलं की ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणतात, आणि आपण ठाणेकरही त्यावर हसतो. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. म्हणजे ही थट्टा आपल्या आज्यांनीही ऐकली असेल. ती ऐकत वाढलेली पोर ‘माझं मन ठीक नाही’ कुठल्या तोंडानं सांगेल? खरं तर तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. लोक केसपेपर काढतात, डॉक्टरांना दाखवतात, औषध घेऊन घरी येतात.

इंटरनेटवर सगळंच वाईट असतं असं मी म्हणणार नाही. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच संस्थेचं ‘आवाहन’ हे यूट्यूब चॅनल आहे, आपल्या मराठीत. आपल्याला होतंय ते इतरांनाही होतं, एवढं कळलं तरी धीर येतो. पण दहा प्रश्नांची चाचणी ‘तुम्हाला डिप्रेशन आहे’ सांगून मोकळी होते. पोरीची झोप किती, थायरॉईड तपासलं का, घरात काय चाललंय, तिला काय ठाऊक? एक रडकी रील पाहिली की तशाच आणखी येत राहतात. चॅटबॉट पहाटे तीनलाही गोड बोलतो, पण जीव नकोसा झालेल्या पोरीशेजारी येऊन बसत नाही.

म्हणून फोन हिसकावू नका, त्यात एक नंबर घालून द्या. १४४१६. सरकारची टेलिमानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. आणि कॉलेजात समुपदेशक आहे का, हे विचारा. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे तो हवाच, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलंय. फी भरताना आपण रांगेत उभ्या असतोच, तेव्हाच विचारावं. मुलगी तिथे काय बोलली ते तो आपल्याला सांगणार नाही. त्यावर रुसू नका, तिचा तो हक्क २०१७ च्या कायद्यातच आहे. मात्र ती मरणाची भाषा करत असेल तर तिला एकटं सोडू नका, लगेच रुग्णालयात न्या.

नंबर पुन्हा सांगते, एक चार चार एक सहा. गटाच्या पासबुकावर लिहून ठेवा. ते कुठे ठेवलंय हे घरात सगळ्यांना माहीत असतं.