देशमुख? कोन्या गावचे?

अमरावतीहून अकोल्याला एसटीनं निघा. मूर्तिजापूर यायच्या आत शेजारचा प्रवासी तुमचं आडनाव विचारतो आणि त्यावर लगेच दुसरा प्रश्न टाकतो, "कोन्या गावचे?" पुण्या-मुंबईच्या माणसाला ही भोचक चौकशी वाटते. मला ती शहाणपणाची वाटते. वऱ्हाडात नुसत्या आडनावावरून माणसाचा थांग लागत नाही.

देशमुख हेच आडनाव घ्या. देशमुख परगण्याचा, देशपांडे त्याच परगण्याच्या हिशेबाचा, पाटील गावाचा. ही मुळात कामं. काम वंशपरंपरेनं घरात राहिलं आणि घराण्याची ओळख त्याच नावानं होऊ लागली. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या पापळ गावी २७ डिसेंबर १८९८ रोजी पंजाबराव देशमुख जन्मले, ते घराणं मूळचं कदमांचं. देशमुखी आली आणि कदम मागे पडलं. आपले लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख पुण्याचे, त्यांचं मूळ आडनाव सिधये. तिथेही वतनाचंच आडनाव झालं. कदम आणि सिधये यांचं एकमेकांशी नातं नाही, जात एक नाही, प्रदेश एक नाही. दोघेही देशमुख मात्र झाले.

याहून मजा दिल्लीत होती. १९५२ नंतर काही वर्षं नेहरूंच्या सरकारात दोन देशमुख एकाच वेळी होते. शेतीखातं आपल्या पंजाबरावांकडे आणि अर्थखातं चिंतामणराव देशमुखांकडे. चिंतामणराव कोकणातले, आजच्या रायगड जिल्ह्यातले, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. परराज्यातल्या एखाद्या खासदारानं या दोघांना चुलतभाऊ समजलं असेल, तर त्याला दोष कसा द्यावा? त्यात १९५३ साली चिंतामणरावांशी लग्न करून राजमहेंद्रीच्या दुर्गाबाईही देशमुख झाल्या. त्या तेलुगू भाषक.

आणि तेलंगणात जा. तिथेही देशमुख होते. १९४६ नंतरचा सशस्त्र शेतकरी लढा ज्यांच्याविरुद्ध पेटला, त्यांत विसुनूरचे देशमुख नामचीन. पण त्यांचं नाव रामचंद्र रेड्डी. तिथे देशमुख हा हुद्दा राहिला, आडनाव रेड्डीच. वऱ्हाडावर आणि तेलंगणावर सत्ता एकाच निजामाची होती, तरी एकीकडे हुद्दा आडनावाला चिकटला आणि दुसरीकडे नाही. १८५३ साली वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. पुढे रयतवारी आली, सारा थेट सरकार घेऊ लागलं. देशमुखांचं वसुलीचं काम संपलं, नाव उरलं.

आता यातली वळणं पाहा. रयतेकडून सारा गोळा करणाऱ्या हुद्द्याचं हे नाव. तेच नाव लावणारा माणूस शेतकऱ्यांसाठी लढला आणि देशाचा कृषिमंत्री झाला. १९६९ साली अकोल्याला त्याच्या नावानं विद्यापीठ निघालं, ते आधी नुसतं 'पंजाबराव कृषी विद्यापीठ' होतं. देशमुख पुढे जोडलं गेलं. शेतकरी आजही 'पीकेव्ही' म्हणतो. त्या तीन अक्षरांत आडनाव नाहीच!

गावावरून पडलेल्या आडनावांचीही एक खोड आहे. अकोटात राहणाऱ्याला कोणी अकोटकर म्हणत नाही. तो अकोट सोडून दुसरीकडे गेला की अकोटकर होतो. पातूरकर, मंगरूळकर, चांदूरकर यांचंही तेच. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे डेबूजी झिंगराजी जानोरकर आडनावानं कुठल्या तरी जानोरीचे होते. पण लोकांनी त्यांच्या हातातलं मातीचं गाडगं पाहिलं आणि जानोरी पुसून टाकली, ते गाडगेबाबा झाले. आज अमरावती विद्यापीठाला त्या गाडग्याचं नाव आहे. मला विचाराल तर या सगळ्यांत हे नाव सर्वांत अस्सल, कारण ते वतनात आलेलं नाही, लोकांनी दिलेलं आहे.

वानखडे, इंगळे, तायडे ही तर आपली घरोघरची आडनावं. बुलडाणा जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यात वानखेड नावाचं गाव आहे, म्हणून सगळे वानखडे तिथूनच निघाले असं कोणी समजू नये. वानखडे कुणब्यांत आहेत, बौद्धांत आहेत. आडनाव ऐकून मनातल्या मनात समोरच्याची जात ठरवणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनी वऱ्हाडात महिनाभर राहावं, सगळे अंदाज चुकतील.

तेव्हा श्रोतेहो, एक विनंती. घरात जुनी सनद असेल, फेरफाराचा उतारा असेल, मोडीतला एखादा कागद असेल, तर तो दिवाळीच्या साफसफाईत टाकून देऊ नका. मोडी वाचणारा माणूस शोधा. आजीला, आजोबांना विचारा, आपलं आडनाव हेच होतं का, आणि त्याआधी कोणतं होतं. जे सांगतील ते गावाच्या नावासकट वहीत लिहून ठेवा, आणि ती वही मुलांच्या हाती द्या.