खाज थांबली, पण रोग गेला का?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गणेशोत्सवातले भाषण म्हटले की इतिहास, संतसाहित्य किंवा संगीत हे विषय ठरलेले. मला आरोग्यावर बोलायला सांगितले आणि मी निवडला खाजेच्या मलमाचा विषय. सणासुदीला हे काय काढले, असे काहींना वाटेल. पण बाप्पाच्या बारा नावांत एक नाव 'गजकर्णक' आहे, आणि जवळजवळ त्याच नावाचा रोग, गजकर्ण, पावसाळ्यात आपल्या सरदारपूर भागात घरोघरी ठाण मांडून बसतो. तेव्हा विषय अगदीच अवेळी नाही.

मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयात औषधे देणारा फार्मासिस्ट आहे. रोग ओळखणे हे डॉक्टरांचे काम. औषध हातात आल्यावर ते कसे वापरायचे हे सांगणे माझे काम, आणि आज तेवढेच करणार आहे.

आपल्या मराठीत खाजेच्या रोगांना वेगवेगळी नावे आहेत. इसब, गजकर्ण किंवा नायटा, आणि खरूज. इथे बाजारात मात्र आपण सगळ्यांना मिळून 'दाद-खाज-खुजली' म्हणतो आणि तिन्हींसाठी एकच ट्यूब मागतो. घोळ इथूनच सुरू होतो.

इसब म्हणजे त्वचेचा दाह. त्यात जंतू हे मूळ कारण नसते आणि तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. गजकर्ण ही बुरशी आहे. ती ओलावा आणि घाम असलेल्या जागी, म्हणजे जांघेत, कमरेला, काखेत वाढते आणि टॉवेल, कपडे, अंथरूण यांतून घरभर फिरते. खरूज हा त्वचेत बीळ करणाऱ्या सूक्ष्म किड्याचा प्रताप. रात्री खाज वाढणे, बोटांच्या बेचक्यांत पुरळ येणे आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदम खाज सुटणे ही त्याची खूण. बाहेरून तिघांची तक्रार एकच, पण आतली कारणे तीन.

आता स्टेरॉइड म्हणजे काय ते पाहू. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांच्यात तयार होणाऱ्या रसांपैकी काही शरीरातला दाह आवरतात. अमेरिकेतील केंडल आणि हेंच व स्वित्झर्लंडमधील राइखश्टाइन यांना या संशोधनासाठी १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९५२ मध्ये सुल्झबर्गर आणि विटन या डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोनचे मलम त्वचेवर वापरून गुण येतो हे दाखवले. इसबाने रात्र-रात्र जागणाऱ्या रुग्णांसाठी ते वरदानच होते. म्हणून पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा: स्टेरॉइड हे विष नाही. योग्य रोगात ते फार चांगले औषध आहे.

मग बिघडते कुठे? स्टेरॉइड दाह थांबवते. लाली, सूज, खाज हा सारा दाहच, म्हणून कोणत्याही खाजेवर लावले की दोन-तीन दिवसांत आराम पडतो. पण बुरशीला ते मारत नाही, खरजेच्या किड्यालाही नाही. उलट त्या जागी शरीराची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशीला रान मोकळे मिळते. मलम थांबवले की खाज दुपटीने परत येते, माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो, आणि चट्टा पसरत जातो. गजकर्णाची ओळखीची गोल कडासुद्धा पुसली जाते आणि डॉक्टरांनाही रोग ओळखणे अवघड होते. १९६८ पासून वैद्यकशास्त्रात याला वेगळे नाव आहे, 'टिनिया इन्कॉग्निटो', म्हणजे वेष पालटलेले गजकर्ण.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या देशात गजकर्ण हट्टी झाले आहे. पूर्वी थोड्या आठवड्यांत बरे होणारे रुग्ण आता महिनोन्‌महिने औषध घेतात. नेहमीच्या टर्बिनाफिन गोळीला दाद न देणारी बुरशीची एक जात आढळली आणि २०२० साली जपानी संशोधकांनी तिला नाव दिले 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी'. नावातला 'इंडो' म्हणजे आपला भारत. या परिस्थितीला स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचा बेसुमार वापर हे एक मोठे कारण आहे, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत.

दुकानात 'दादची ट्यूब' म्हणून मिळणाऱ्या अनेक मलमांत बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि तीव्र स्टेरॉइड असे सगळे एकत्र असते. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यांत अशी काही मलमेही होती. त्याच वर्षी मार्चमध्ये त्वचेवर लावायची स्टेरॉइड मलमे अनुसूची 'एच'मध्ये आणली गेली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा झाला, पण ट्यूब मागणारे आपणच आहोत. आपण मागणे थांबवल्याशिवाय कायद्याचा उपयोग अर्धाच.

ट्यूबमध्ये काय आहे हे घरी कसे ओळखायचे? मोठ्या अक्षरांतले कंपनीचे नाव सोडा, खालचे बारीक अक्षर वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, हायड्रोकॉर्टिसोन, ही सगळी स्टेरॉइडे. शेवटी 'सोन', 'सोल' किंवा 'लोन' दिसले की सावध व्हा. क्लोट्रिमाझोल, केटोकोनाझोल यांतला 'झोल' मात्र बुरशीच्या औषधाचा. क्लोट्रिमाझोल आणि क्लोबेटासोल कानाला सारखी वाटतात, पण कामे अगदी उलट आहेत.

टक्केवारीवरूनही फसू नका. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का हे सौम्य औषध आहे आणि क्लोबेटासोल ०.०५ टक्के हे सर्वांत तीव्र गटातले. आकडा वीस पट लहान, पण ताकद कितीतरी पट मोठी. म्हणूनच डॉक्टरांनी आजोबांच्या पायाच्या जाड इसबासाठी दिलेली ट्यूब नातवाच्या गालाला चालत नाही.

कारण त्वचाही सगळीकडे सारखी नसते. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख यांनी शरीराच्या कोणत्या भागातून हायड्रोकॉर्टिसोन किती आत शिरते ते मोजले. हाताच्या पुढच्या भागातून एक भाग शिरत असेल, तर कपाळातून सहा, जबड्याच्या त्वचेतून तेरा आणि वृषणाच्या त्वचेतून बेचाळीस भाग. तळपायातून मात्र एक सप्तमांश. आता विचार करा, जांघेतल्या खाजेवर तीव्र मलम चोळले तर किती आत जात असेल. तिथे कातडी पातळ होते आणि तांबडे-जांभळे पट्टे पडतात. ते पुढे फिके होतात, पण पूर्ण जात नाहीत.

भगिनींना एक विनंती. वांगावर डॉक्टर कधीकधी ठरावीक दिवसांसाठी जे मलम देतात, त्यातही स्टेरॉइड असू शकते. ते गोरे होण्याची क्रीम म्हणून महिनोन्‌महिने लावू नका. आधी चेहरा उजळ दिसतो, मग मुरुमे येतात, बारीक लाल शिरा दिसू लागतात, नको तिथे लव वाढते, आणि क्रीम सोडली की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. मग भीतीने सोडवत नाही. लग्न ठरलेल्या मुलीच्या हातात अशी ट्यूब कौतुकाने देऊ नका. आणि आधीच फार दिवस लावत असाल, तर घाबरू नका, लपवूही नका. डॉक्टरांना ट्यूब दाखवा, ते सोडवण्याची पद्धत सांगतील.

आता इसबासाठी डॉक्टरांनी मलम दिले असेल तर ते किती लावायचे? यासाठी आपल्या बोटाचे पेर हेच माप. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत ट्यूबमधून जी रेघ निघते ती साधारण अर्धा ग्रॅम. १९९१ साली लाँग आणि फिन्ले यांनी हे माप मांडले. एका पेराएवढे मलम दोन तळहातांइतक्या, बोटांसकट, त्वचेला पुरते. मोठ्या माणसाच्या एका हाताला तीन पेरे, एका पायाला सहा, चेहरा आणि मानेला मिळून अडीच. वर्ष-दोन वर्षांच्या बाळाच्या पायाला दोनच पेरे, आणि तीही आपल्या बोटाची.

बहुधा दिवसातून एकदा पुरते, दोनदापेक्षा जास्त कधीच नाही. फक्त दाह असलेल्या जागी पातळ थर लावा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वर पट्टी किंवा प्लास्टिक बांधू नका. बाळाच्या डायपरखालची जागाही बांधल्यासारखीच असते. डोळ्यांच्या आसपास स्वतःच्या मनाने लावू नका, काचबिंदूचा धोका असतो. तीव्र मलम सलग दोन आठवड्यांपलीकडे नाही. चेहऱ्यावर सौम्य मलमही थोडेच दिवस.

याची दुसरी बाजूही आहे. स्टेरॉइड हा शब्द ऐकूनच काही आई-वडील इसब झालेल्या मुलाला मलम लावत नाहीत, किंवा मुगाएवढे लावतात. मूल रात्रभर खाजवते, रक्त निघते, जखम चिघळते. सांगितलेले मलम, सांगितल्या मापाने, सांगितलेले दिवस लावले तर फायदाच होतो. त्याच्या जोडीला रोज आंघोळीनंतर अंग टिपून लगेच व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा. कोरडी त्वचा हे इसबाचे खाद्य आहे, आणि ते तोडले की स्टेरॉइडची गरजच कमी होते.

गजकर्णाला मात्र बुरशीचेच औषध, चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस. टॉवेल वेगळा, कपडे सैल, सुती आणि उन्हात वाळवलेले. सोयाबीनच्या शेतातून भिजून आल्यावर ओले कपडे अंगावर वाळू देऊ नका. खरजेचे औषध घरातल्या सर्वांनी एकाच रात्री लावायचे, खाज असो वा नसो. आणि फिकट किंवा लालसर चट्ट्याला खाज नाही, पण स्पर्शही कळत नाही, असे असेल तर कोणतेही मलम न लावता सरकारी दवाखान्यात दाखवा. तो कुष्ठरोग असू शकतो, आणि त्याचे पूर्ण औषध मोफत मिळते.

शेवटी उरलेल्या ट्यूबबद्दल. तळहाताएवढ्या इसबाला रोज अर्धे पेर, म्हणजे पाव ग्रॅम मलम लागते. चौदा दिवसांत साडेतीन ग्रॅम. दहा ग्रॅमची ट्यूब अर्ध्याहून अधिक उरते. ती फ्रिजच्या दारात राहते आणि पुढे जावेच्या जांघेला, शेजारच्या बाळाच्या गालाला लागते. आपल्याकडे उसनवारी हा प्रेमाचा भाग आहे. साखर द्या, विरजण द्या, पण औषधाची ट्यूब देऊ नका. उपचार संपला की उरलेले मलम डॉक्टरांना विचारून ठेवा, नाहीतर टाकून द्या.

आज घरी गेल्यावर एवढे करा. घरातल्या सगळ्या ट्यूबा बाहेर काढा, बारीक अक्षर वाचा, आणि ती कोणाला, कशासाठी, कधी दिली होती हे आठवत नसेल तर ती ठेवू नका. कळले नाही तर मला विचारा, धारच्या किंवा इंदूरच्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचे असेल तर ती ट्यूब बरोबर न्या.

बाप्पाला आपण पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो. गजकर्णाला मात्र परत येण्याचे कारण देऊ नका.

 गणपती बाप्पा मोरया!