मारलेला किडा वहीत उतरला पाहिजे

गेल्या हंगामात आमच्या शेतीशाळेतल्या बायकांना एका मुलीनं गप्प केलं. कपाशीत कोणते किडे येतात ते बघायला आम्ही रात्री दिवा टांगला, खाली साबणाच्या पाण्याचं घमेलं ठेवलं. दिवा बंद करायला कुणी गेलंच नाही. सकाळी घमेलं भरलेलं. बोंडअळीचे पतंग थोडेच, पण ढालकिडे आणि हिरवे क्रायसोपा कितीतरी. मावा खाणारे आपले मित्रच ते. आम्ही घमेलं बांधावर ओतलं. आमच्यातल्या एकीची लेक म्हणाली, "मावशी, मोजलेच नाहीत, तर मारले कशाला?"

कुणी म्हणेल, फवारणीत याहून कितीतरी जास्त मरतात. खरं आहे. पण फवारायचं की नाही, हे ठरवायलाच तर आपण किडे मोजतो. गुलाबी बोंडअळीचं माप ठरलेलं आहे. कामगंध सापळ्यात सलग 3 रात्री, दर सापळ्याला 8 पतंग आले, किंवा 20 हिरवी बोंडं फोडून 2 बोंडांत अळी निघाली, तर उपाय करायचा. त्याहून कमी असेल तर थांबायचं. थोडे जीव घेऊन एक नको असलेली फवारणी टळते. त्यात मित्रकिडे वाचतात, आणि पाठीवर पंप घेणारा माणूसही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही.

म्हणून आम्ही नेम केला. आधी कामगंध सापळा, कारण त्याच्या वासाला त्याच जातीचे नर येतात. दिवा लावलाच तर संध्याकाळी थोडा वेळ, आणि तो विझवणारी कोण हे आधीच ठरवून. ढालकिडे, कोळी झाडावरच मोजायचे. ओळख पटली नाही तर बरणीत धरायचा, मोबाइलवर फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. आणि जो मारला, त्याची तारीख आणि आकडा त्याच सकाळी वहीत.

आम्ही काही अहिंसेचं व्रत घेतलेलं नाही. अळी दिसली की चिरडतोच. पण शिकण्यासाठी जीव घेतला आणि शिकलोच नाही, तर तो फुकट गेला. आता वही त्या मुलीकडेच असते. आकडा राहिला, की ती आम्हाला घरी जाऊ देत नाही.

उद्या सापळा बघायला जाल, तेव्हा वही-पेन सोबत घ्या.