गाठ निघाली, ती परत येईल का?



संयोजकांनी सांगितलं, आरोग्यावर काहीतरी बोल. बीपी-शुगरवर बोलायला आपल्यातलेच दोन डॉक्टर बसलेत, ते बोलतील. मी पॅथॉलॉजिस्ट. मला पेशंट क्वचित भेटतो, त्याची गाठ भेटते. म्हणून गाठीबद्दलच बोलते, स्तनाच्या कर्करोगाच्या. आपल्या बॅचच्या मुली आता पन्नाशीच्या पुढे आहेत, आणि हा शब्द आपल्यातल्या काही घरांत येऊन गेलाय.

ऑपरेशन झालं की घरचे एकच विचारतात, परत तर नाही ना येणार? पूर्वी याचं उत्तर मुख्यतः गाठ केवढी, काखेत पसरली का आणि पेशी किती बिघडलेल्या दिसतात, यावरून दिलं जायचं. थोडी शंका असली की केमो. त्यामुळे गरज नसलेल्या अनेक जणींचेही केस गेले, आणि शेत गहाण पडलं ते वेगळंच.

तुम्ही लोणखेड्याचे, म्हणून शेतातलं सांगते. गाजरगवत फुलायच्या आधी मुळासकट उपटलं तर ते रोप संपलं. लव्हाळा उपटला तर जमिनीत त्याची गाठ राहते आणि पाऊस पडला की पुन्हा हिरवा. दोन्ही उपटून बांधावर टाकली, तरी जाणता माणूस बांधावरचं गवत बघून सांगतो की तणनाशक कुठे लागणार आणि कुठे नाही. काढलेल्या गाठीवर होणारी चाचणी हेच करते.

आपल्या जवळजवळ सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात. फरक असतो तो कोणतं जनुक चालू आहे आणि किती जोरात, याचा. चालू असलेलं जनुक आरएनए नावाची नक्कल काढतं. ती मोजली की पेशीचा स्वभाव कळतो, म्हणजे भराभर वाढणारी की संथ, हार्मोनचं ऐकणारी की न ऐकणारी. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००२ साली ७० जनुकांचा असा संच मांडला. अमेरिकेत २००४ साली २१ जनुकांची ऑन्कोटाइप डीएक्स आली. त्यातली १६ कर्करोगाशी संबंधित, ५ तुलनेसाठी. निकाल ० ते १०० गुणांत. कमी गुण मिळाले की घरात पेढे वाटावेत, अशी ही एकच परीक्षा. आपल्या मागच्या बाकांना आवडली असती.

या गुणांवर विश्वास ठेवावा का, हे पाहायला टेलरएक्स नावाची मोठी चाचणी झाली. २००६ ते २०१० या काळात १०,२७३ स्त्रिया नोंदवल्या गेल्या. निकाल २०१८ साली आला. ११ ते २५ गुणांच्या स्त्रियांपैकी निम्म्यांना फक्त हार्मोनची औषधं, निम्म्यांना सोबत केमो. नऊ वर्षांनी आजार न परतता किंवा नवा कर्करोग न होता जिवंत असलेल्या, केमोशिवाय ८३.३ टक्के आणि केमोसह ८४.३ टक्के. म्हणजे फरक जवळपास नाहीच. मात्र पन्नाशीच्या आतल्या, १६ ते २५ गुणांच्या स्त्रियांना केमोचा थोडा फायदा दिसला. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा लहान वयात दिसतो, तेव्हा ही अट विसरू नका.

आणि ही चाचणी सगळ्यांसाठी नाही. हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, लवकर सापडलेली गाठ असेल तरच. शिवाय ती शक्यता सांगते, भविष्य नाही. कमी गुणांच्या शंभर जणींतही एखाददुसरीला आजार परततोच, आणि ती कोण हे आधी कुणी सांगू शकत नाही.

परदेशी चाचणीचा खर्च लाखांत जातो. बंगळुरूच्या ऑन्कोस्टेम कंपनीत डॉ. मंजिरी बाक्रे यांनी आपल्याकडची चाचणी उभी केली, कॅनअसिस्ट ब्रेस्ट. ती आरएनए मोजत नाही, पाच प्रथिनं तपासते आणि त्यात गाठीचा आकार, प्रत व काखेची स्थिती मिळवून धोका कमी की जास्त, ते सांगते. परदेशी चाचणीपेक्षा बरीच स्वस्त. तरी पपईचे पैसे हातात यायची वाट पाहणाऱ्या घराला तीही जड आहेच.

पण पैशाच्या आधी एक अडचण येते, आणि मला खरं तर तीच सांगायची आहे. आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीची गाठ एका छोट्या रुग्णालयात काढली. तिच्या परवानगीने सांगते. गाठ मिठाच्या पाण्यात ठेवली गेली. एप्रिलचं ऊन, तिचा भाऊ बरणी घेऊन एसटीने निघाला, लॅबमध्ये पोचला दुसऱ्या दिवशी दुपारी. माझ्याकडे ब्लॉक आला तेव्हा पेशी विरघळलेल्या. हार्मोनचा रिपोर्टही भरवशाचा निघेना, मग २१ जनुकं कुठली मोजणार! तिने पूर्ण केमो घेतली. आज ती ठणठणीत आहे, आत्ता तिसऱ्या रांगेत बसलीय. तिला केमोची गरज होती का, ते आता कोणीच सांगू शकत नाही.

गाठ काढल्यापासून तासाभरात फॉर्मालिनमध्ये जायला हवी. गाठीच्या दहापट तरी द्रव, आणि मोठी गाठ कापून, म्हणजे ते आतपर्यंत मुरेल. फॉर्मालिनमध्ये किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२. मग तिची मेणाच्या वडीत ठेवलेली चकती होते, तोच ब्लॉक. तो वर्षानुवर्षं टिकतो आणि पुढची प्रत्येक चाचणी त्याच्यावरच होते. तेव्हा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विचारा, 'डॉक्टरसाहेब, फॉर्मालिन आहे ना? गाठ कुठल्या लॅबला जाणार?' राग आला तर येऊ द्या. ईआर, पीआर, हर-टू हा रिपोर्ट मागून घ्या. तो साधा असतो, पण पुढची चाचणी लागेल की नाही, ते बरंचसं त्यातच कळतं. ब्लॉक कोणत्या लॅबमध्ये आहे आणि त्याचा नंबर काय, ते सातबारा ठेवता त्याच पिशवीत लिहून ठेवा.

जेवणानंतर मी आठवी 'ब'च्या वर्गात बसणार आहे. कुणाकडे रिपोर्ट असतील, वहिनींचे, बहिणीचे, तर घेऊन या. मोबाइलवरचा फोटोही चालेल, फक्त अक्षरं वाचता येतील असा काढा.