खरेदी एका मंगळवारची, जबाबदारी दहा वर्षांची



माहिती-तंत्रज्ञानात काम करणाऱ्या मराठी मंडळींच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद यंदा आपण माझ्याकडे सोपवलेत, याबद्दल मनापासून आभार. कंपन्या उभारणारे आणि पेटंट मिळवणारे इतके लोक समोर असताना, सारी नोकरी सरकारी निविदा वाचण्यात घालवलेल्या माणसाला आपण पुढे बसवलेत, हे धाडसच म्हणायचे. तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भवितव्यावर मी बोलत नाही. ते सांगणारे या सभागृहात पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ते काउंटी सरकार तंत्रज्ञान कसे विकत घेते, त्यावर नजर कोण ठेवते आणि मंजुरी कोण देते यावर. विषय रुक्ष आहे, मान्य. पण तुमच्यातले कित्येकजण काउंटीला काही ना काही विकतात, काहीजण काउंटीच्या नोकरीत आहेत, आणि इथे राहणारे आपण सगळेच काउंटीला कर भरतो.

महाराष्ट्रातून मुद्दाम आलेल्या पाहुण्यांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत, त्यांतल्या ५८ कॅलिफोर्नियात. काउंटीला जिल्हा म्हणावे तर इथे वरून नेमलेला जिल्हाधिकारी नाही. जिल्हा परिषद म्हणावी तर तुरुंग, सरकारी रुग्णालय, मतदारयादी, मालमत्ताकर आणि शेरीफ हे सगळे हिच्याच छत्राखाली. आपण बसलो आहोत त्या सँटा क्लारा काउंटीची वस्ती साधारण १९ लाख, आणि तिचा कारभार चालवणाऱ्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सचे सदस्य पाच. लॉस एंजेलिस काउंटीची वस्ती कोटीच्या घरात, तिथेही आज पाचच. या पाचजणांच्या हाती तिजोरी असते. पण शेरीफ, जिल्हा सरकारी वकील आणि करनिर्धारक हे स्वतंत्रपणे निवडून आलेले असतात. बोर्ड त्यांना सहसा काढू शकत नाही, त्यांच्या तपासात ढवळाढवळ करू शकत नाही. बोर्डाचा खरा लगाम एकच, तो म्हणजे खर्चाची मंजुरी. तंत्रज्ञान-खरेदीच्या मंजुरीला महत्त्व येते ते यामुळे.

ही मंजुरी मिळते कशी? एखाद्या खात्याला नवी प्रणाली हवी असते. आयटी विभाग तिची सुरक्षितता आणि जुन्या प्रणालींशी जुळवणी पाहतो. खरेदी विभाग आरएफपी काढतो, म्हणजे प्रस्ताव मागवतो. गुणांकन समिती गुण देते, वाटाघाटी होतात, काउंटी कौन्सेल, म्हणजे काउंटीचा वकील, कराराचा मसुदा तपासतो. ठरावीक रकमेच्या आतली खरेदी अधिकारीच करून टाकतात. मोठी खरेदी बोर्डापुढे जाते. दुसरीही एक वाट आहे: दुसऱ्या संस्थेने आधीच निविदा काढून केलेल्या करारावर स्वार व्हायचे. मिनेसोटातल्या सोर्सवेलसारख्या सहकारी खरेदी संस्था यासाठीच आहेत. वेळ वाचतो, दरही बरे मिळतात. मात्र आपल्या काउंटीच्या गरजा लिहून काढण्याचा जो व्यायाम आरएफपीत सक्तीने होतो, तो इथे टळतो.

मग येतो बोर्डाच्या बैठकीचा मंगळवार. कॅलिफोर्नियाच्या १९५३च्या ब्राउन कायद्यानुसार नियमित बैठकीची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी लोकांसाठी जाहीर करावी लागते. तिच्यात कन्सेंट कॅलेंडर नावाचा एक भाग असतो. ज्यावर वाद नाही असे मानलेले सगळे विषय तिथे एकत्र बांधलेले असतात आणि एकाच मतदानात पार पडतात. रस्त्याच्या डागडुजीशेजारी, कुणाच्या तरी गौरवाच्या ठरावाशेजारी लाखो डॉलरचा सॉफ्टवेअर करार बसलेला असतो. कुणा सदस्याने तो बाहेर काढून चर्चेला घेतला नाही, तर त्यावर एक शब्दही न उच्चारता तो मंजूर होतो.

या प्रस्तावाचा कागद जरा जवळून पाहा. सँटा क्लारा काउंटीच्या प्रस्तावांत वर्षानुवर्षे ठरलेले मथळे दिसत आले आहेत: शिफारस, आर्थिक परिणाम, शिफारशीची कारणे, मुलांवर होणारा परिणाम, ज्येष्ठांवर होणारा परिणाम, शाश्वततेवर होणारा परिणाम, पार्श्वभूमी, नकार दिल्यास होणारे परिणाम, मंजुरीनंतरची पावले. मला हा साचा आवडतो. त्यात शिस्त आहे. पण एक मथळा पुन्हा वाचा: नकार दिल्यास होणारे परिणाम. सेवा खंडित होईल, जुन्या प्रणालीचा आधार संपेल, अनुदान परत जाईल, अशी उत्तरे त्याखाली सहज लिहिता येतात. होकार दिला आणि प्रणाली चाललीच नाही तर काय होईल, हे विचारणारा मथळा मात्र नाही. लग्नाच्या याद्या चोख आणि संसाराची चौकशीच नाही, असला हा प्रकार.

संसार कसा फिसकटतो, ते आपल्या उत्तरेला, गोल्डन गेट पुलापलीकडच्या मरीन काउंटीने पाहिले. तिने पगार, हिशेब आणि मनुष्यबळ यांसाठी सॅप प्रणाली बसवायचे ठरवले आणि काम डेलॉइट कन्सल्टिंगला दिले. मे २०१०मध्ये तीच काउंटी कोर्टात गेली. कंपनीने आमचा प्रकल्प स्वतःच्या नवख्या माणसांची तालीमशाळा म्हणून वापरला, असा काउंटीचा आरोप होता आणि किमान ३ कोटी डॉलरची भरपाई तिने मागितली. कंपनीने आरोप फेटाळले. आम्ही गेलो तेव्हा प्रणाली चालू होती, असे तिचे म्हणणे. त्याच वर्षी बोर्डाने ती प्रणाली मोडीत काढून दुसरी आणायचे ठरवले. शेवटी २०१३मध्ये ३९ लाख डॉलरवर तडजोड झाली. कोण बरोबर होते, याचा निकाल कोर्टाने दिलाच नाही. मला त्यात दिसतो तो खरेदी-पद्धतीचा प्रश्न. करारावर सही होताना बोर्ड जागे होते आणि वकील नेमताना पुन्हा जागे झाले. मधल्या वर्षांत काय चालले आहे, हे ठरावीक मुदतीने बोर्डापुढे मांडायला कुणी बांधील होते का?

आता आपल्या सँटा क्लारा काउंटीची गोष्ट. तिचा मला अभिमान आहे. २०१५च्या सुरुवातीला शेरीफ कार्यालयाने बोर्डाकडे एक उपकरण मागितले. मोबाइल टॉवरचे सोंग घेऊन आसपासचे फोन स्वतःकडे ओढून घेणारे. त्याच्या एका मॉडेलच्या नावावरून अशा सगळ्या उपकरणांना लोक स्टिंगरे म्हणतात. किंमत सुमारे ५ लाख डॉलर, पुढे दरवर्षी ४२ हजार डॉलर देखभालीचे. मूळ रक्कम केंद्राच्या अंतर्गत सुरक्षा अनुदानातून येणार होती. अट अशी, की उपकरणाबद्दल गुप्ततेचा करार करायचा. सुपरवायझर जो सिमिटियन यांनी बैठकीत सरळ विचारले, की जी वस्तू आम्ही पाहिलेली नाही, जिचे प्रात्यक्षिक नाही, जिच्याबद्दल तुम्हाला आम्हाला सांगताही येत नाही, तिच्यासाठी लोकांचा पैसा खर्च करायला मत द्यायचे? त्या दिवशी ते एकटे पडले. बाकीच्यांनी मंजुरी दिली, पण पुढच्या वाटाघाटींत काउंटीने अटींचा आग्रह सोडला नाही. पुरवठादार हॅरिस कॉर्पोरेशनशी त्यांवर जमले नाही आणि मे २०१५मध्ये व्यवहार बारगळला.

वर्षभरानंतर, जून २०१६मध्ये, बोर्डाने पाळत ठेवणाऱ्या तंत्रज्ञानाबद्दल एक ऑर्डिनन्स एकमताने संमत केला. अमेरिकेतल्या कुठल्याही काउंटीचा हा असा पहिला कायदा. त्याची रचना साधी आहे. असे उपकरण घ्यायचे, किंवा त्यासाठी अनुदान मागायचे म्हटले तरी आधी जाहीर बैठकीत बोर्डाची मंजुरी हवी. प्रस्तावाबरोबर दोन कागद हवेत: उपकरण कशासाठी वापरणार, माहिती कोण पाहणार, किती काळ ठेवणार, कुणाला देणार याचे धोरण, आणि लोकांच्या हक्कांवर काय परिणाम होईल याचा अहवाल. सगळ्यात महत्त्वाचे कलम पुढे येते. दरवर्षी त्या उपकरणाचा जाब द्यायचा: कसे वापरले, माहिती कुणाला दिली, तक्रारी काय आल्या, खर्च किती झाला, उपयोग काय झाला. या कायद्याने कशावरही बंदी घातली नाही. फायदा खर्चापेक्षा आणि हक्कांवरच्या परिणामापेक्षा जास्त आहे, एवढे बोर्डाने ठरवायचे आणि दरवर्षी पुन्हा तपासायचे.

यातले ‘अनुदान मागायच्या आधी’ हे शब्द ज्याने घातले, त्याने सरकारी खरेदी आतून पाहिलेली असणार. अनुदान मंजूर होऊन आले की ‘पैसे परत जातील’ ही भीती प्रत्येक प्रश्नाचे तोंड बंद करते. फुकट मिळालेल्या यंत्राची देखभाल मात्र काउंटीच्याच माथी येते.

देखरेखीची सीमाही सांगितली पाहिजे. उत्तर कॅलिफोर्नियातल्या शास्ता काउंटीच्या बोर्डाने जानेवारी २०२३मध्ये यंत्रांवरच्या संशयापोटी तीन विरुद्ध दोन मतांनी डॉमिनियन कंपनीच्या मतदान यंत्रांचा करार संपवला आणि पुढे सगळी मते हाताने मोजायचे ठरवले. त्याच वर्षी राज्याने कायदा करून, एक हजाराहून अधिक नोंदणीकृत मतदार असतील तर नियमित निवडणुकीत हाताने मोजणी करायला मनाई केली. काउंटीला दुसऱ्या कंपनीची यंत्रे घ्यावी लागली. मंजुरीचा अधिकार म्हणजे माहितीच्या जागी संशय बसवण्याचा परवाना नाही. दुसऱ्या टोकाला लॉस एंजेलिस काउंटी. तिने मतदान यंत्रणा स्वतःच्या मालकीची घडवायचे ठरवले आणि २०१८मध्ये स्मार्टमॅटिक कंपनीशी २८ कोटी २० लाख डॉलरपर्यंतचा करार केला. मार्च २०२०च्या प्राथमिक निवडणुकीत मतदारांच्या लांबलचक रांगा लागल्या. काउंटीच्या चौकशीत निघाले, की मुख्य दोष मतपत्रिकेच्या यंत्रात नव्हता, मतदाराची नोंद तपासणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यादीच्या जुळणीत होता. सगळ्यांची नजर मोठ्या खरेदीवर खिळली की शेजारचा छोटा जोड निसटतो, तो असा.

महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना यातले काही ओळखीचे वाटले असेल. आपल्याकडे ३४ जिल्हा परिषदा आहेत. तांत्रिक लिफाफा, वित्तीय लिफाफा, एल-वन (म्हणजे सर्वांत कमी बोली) ही भाषा तिथल्या कारकुनालाही पाठ असते; २०१६पासून जेम हे सरकारी खरेदीचे पोर्टलही आले. पण ई-ग्रामस्वराजसारख्या मोठ्या प्रणाली वरून ठरून येतात, आणि २०२२पासून बहुतेक जिल्हा परिषदांचा कारभार बराच काळ प्रशासकांच्या हाती राहिला. प्रश्न विचारायला निवडून आलेला माणूसच सभागृहात नसेल, तर लिफाफे कितीही चोख उघडा, देखरेख कागदावरच राहते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. काउंटीची खरेदी-पद्धत ट्रक आणि टेबलखुर्च्या घेण्यासाठी घडली. वस्तू आली, मोजून घेतली, बिल दिले, विषय संपला. तंत्रज्ञानात बिल दिल्यावर विषय सुरू होतो: अद्ययावतीकरण, नव्या अटी, माहितीची मालकी, नूतनीकरणाचा वाढीव दर. म्हणून पाळतीच्या उपकरणांना लावलेली शिस्त, प्रमाण राखून, प्रत्येक मोठ्या प्रणालीला लावावी. प्रस्तावात ‘चालले नाही तर’ हा मथळा असावा आणि त्याखाली माहिती परत कशी मिळेल, कंपनी बदलायला किती काळ आणि किती पैसा लागेल, हे आकड्यांत लिहावे. पैसे तारखेवर न देता, खात्याच्या माणसाने काम करून पाहून पास केल्यावर द्यावेत. आणि दरवर्षी एक पान बोर्डापुढे यावे: काय कबूल केले होते, काय मिळाले. खात्यांवर याचा बोजा पडेल, हा आक्षेप मी ऐकला आहे. पण फसलेला प्रकल्प निस्तरताना खाते किती राबते, हे मी त्याच टेबलावर बसून पाहिले आहे. त्याच्यापुढे एक पान काहीच नाही.

आपणही काही देणे लागतो. विकणाऱ्यांनो, जी अट बोर्डाला उघडपणे सांगता येत नाही ती करारात घालू नका. काउंटीत नोकरी करणाऱ्यांनो, प्रस्ताव असा लिहा की सुपरवायझरला आयटीवाल्याला फोन न करता कळेल. आणि इथे राहणाऱ्यांनो, आपल्यातल्या कितीतरी जणांनी अशा प्रणाली स्वतः बांधल्या आहेत. कुठे पाणी मुरते ते आपल्याला ठाऊक आहे. बोर्डापुढे बोलायला एक-दोन मिनिटे मिळतात, पण करार चर्चेला घ्यायला एका सदस्याला एक नेमका प्रश्न पुरतो.

म्हणून या अधिवेशनाच्या खुल्या सत्रात एक ठराव मी स्वतः मांडणार आहे. आपल्या मंडळाने पाच-सहा स्वयंसेवकांची एक समिती नेमावी. विषयपत्रिका जाहीर झाल्यावर त्या ७२ तासांत तिने कन्सेंट कॅलेंडरमधले तंत्रज्ञानाचे करार वाचावेत आणि गरज पडेल तिथे सदस्यांना लेखी प्रश्न पाठवावेत. जो सभासद त्या करारातल्या कंपनीत नोकरीला असेल, त्याने त्या दिवशी बाजूला राहावे, ही अटही ठरावात घातली आहे. अनुमोदक हवा आहे. दुपारच्या जेवणाआधी मला भेटा.